बाबा बाथरूममध्ये पडले. आता त्यांना इकडे आणायचं की तिथंच राहू द्यायचं?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचत आलोय, आज स्वतःचाच प्रश्न घेऊन आलोय. आई ७६, बाबा ८१. दोघंच सांगलीत गावभागात राहतात. मी बायको-मुलीसह बंगळूरला, बहीण इचलकरंजीत दिलेली.

मागच्या मंगळवारी रात्री साडेतीनला बाबा लघवीला उठले आणि बाथरूममध्ये पडले. आतून कडी लावलेली, त्यात दार आत उघडणारं आणि बाबा नेमके दाराला टेकून पडलेले, त्यामुळं आईनं कितीही ढकललं तरी दार हलेना. शेवटी शेजारचा पोरगा मागच्या खिडकीच्या काचा काढून आत उतरला, त्यानं बाबांना बाजूला सरकवलं आणि कडी काढली. तोवर चाळीस मिनिटं गेली. नशिबानं मनगटावर निभावलं, डोक्याला मार नाही, खुबा शाबूत.

मला फोन पावणेपाचला आला, त्याच रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघालो. घरी गेल्यावर पहिलं बाथरूम बघितलं. पडताना बाबांनी टॉवेलची स्टीलची दांडी धरली होती, ती दोन्ही स्क्रूंसकट भिंतीतून उपटून त्यांच्या हातात आली. कुणीतरी ती बादलीत उभी करून ठेवलेली, एका टोकाला फरशीचा कपचा अजून चिकटलेला. मी तिथंच खाली बसलो. ती दांडी सहा वर्षांमागं मीच बसवून घेतली होती.

आता मी म्हणतोय दोघांनी बंगळूरला यावं. बाबा म्हणतात मी इथून हलणार नाही. आई काहीच बोलत नाही, दोघांचं ऐकून स्वयंपाकघरात जाते. सुट्टी रविवारपर्यंत आहे. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सांगा, काय करू?

मिरजकर
बाबा सुखरूप आहेत हे महत्त्वाचं. मी मिरजेत आहे, काही लागलं तर विनासंकोच सांगा, गाडी आहे, येतो.

सुमेधा_के
बापरे, ते दार! आमच्याकडे अगदी हेच झालं, सासूबाई पडल्या आणि दारालाच अडकल्या. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून बिजागऱ्या फिरवल्या, दार बाहेर उघडणारं करून घेतलं, अर्ध्या दिवसाचं काम. कडी काढून टाकली आणि बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येतं तसलं कुलूप बसवलं. तुम्ही रविवारपर्यंत आहात ना, मग बाकी चर्चा चालू दे, हे आधी करा.

रोखठोक
माझं मत कदाचित आवडणार नाही. म्हातारी माणसं नाहीच म्हणणार, त्यांना विचारत बसलात तर पुढचा फोन खुब्याचा येईल. माझ्या काकांच्या बाबतीत तेच झालं. दोन वर्षं "बघू, बघू" चाललं, मग पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं पण पलंगावरून उठलेच नाहीत, आधी पाठीला जखमा झाल्या मग न्यूमोनिया, चार महिन्यांत गेले. तिकीट काढा आणि घेऊन या, पहिले दोन महिने चिडतील, मग रुळतील.

परदेशस्थ_प्राची
रोखठोक, काकांचं वाचून वाईट वाटलं, पण "मग रुळतील" हे मी खात्रीनं म्हटलं होतं आणि तसं झालं नाही. बाबा गेल्यावर आईला न्यू जर्सीला आणलं. सहा महिन्यांचा मुक्काम, घर उबदार, कशाची ददात नाही. सकाळी आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. आई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायची आणि समोरच्या घरासमोर कुठली गाडी किती वाजता आली ते मला संध्याकाळी सांगायची. तिसऱ्या महिन्यात एकदा म्हणाली, "अगं, आज दिवसभरात तोंड उघडलंच नाही, आवाज बसला बघ." परत नाशिकला गेली आणि आठ दिवसांत भिशीच्या बायकांबरोबर त्र्यंबकला जाऊन आली.

सुरक्षित होती हो इथे. पण तिचं असं काहीच नव्हतं.

पिठलंभाकरी
प्राची, "आवाज बसला बघ" वाचून डोळ्यांत पाणी आलं.

अनघा_डॉ
कोल्हापुरात जनरल प्रॅक्टिस करते, बावीस वर्षं झाली. वारणाकाठ, कुठे राहायचं हा प्रश्न मोठा आहे पण त्याच्या आधीचा एक प्रश्न कुणी विचारलेला नाही. बाबा पडले का? पाय घसरला, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली? कारण अंधारी आली असेल तर ते बंगळूरच्या बाथरूममध्येही पडतील.

घरी बीपीचं मशीन असेल तर असं करा. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करा, एका मिनिटानं घ्या, तीन मिनिटांनी परत घ्या. शेजारी धरायला माणूस हवाच. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर त्यांच्या डॉक्टरांना लगेच सांगा. या वयात प्रोस्टेटच्या काही गोळ्या, बीपीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, यांनी हे होतं, आणि तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या असतात. कुणी चुकलेलं नसतं, पण सगळ्या गोळ्या एका टेबलावर ठेवून एका डॉक्टरनं बघितलेल्याच नसतात. तेवढं करून घ्या, मनानं मात्र एकही बंद करू नका. बरोबर बी-१२, डी जीवनसत्त्व, सोडियम आणि डोळे तपासा. मोतीबिंदू पिकलेला असला तर रात्री उंबरा दिसत नाही.

आणि रात्री उठताना एकदम उभं राहायचं नाही. कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. पलंगाखाली सेन्सरचा दिवा लावा, पाय खाली टेकले की लागतो.

निशिगंध
अनघाताई, सोडियमचा उल्लेख केलात म्हणून लिहिते. माझी आई एका आठवड्यात पार बदलली. आधी सुस्त झाली, मग गेलेल्या मावशीशी बोलायला लागली, ताटातली पोळी हातात धरून "हे काय आहे" विचारायची. नातेवाईक म्हणाले वय झालं, आता असंच. एकानं तर बाहेरचं बघून घ्या म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तर सोडियम ११८, असायला हवं १३५ च्या वर. बीपीच्या गोळीत लघवीचं औषध होतं आणि घरात आम्ही मीठ जवळजवळ बंदच केलेलं. चार दिवस अॅडमिट ठेवलं, हळूहळू वाढवलं. पाचव्या दिवशी तिनं मला विचारलं की कुंड्यांना पाणी घातलंस का. मला तेव्हा जे रडू फुटलं ते थांबेना.

अचानक झालेला बदल हे म्हातारपण नसतं, एवढंच सगळ्यांना सांगायचं आहे.

अनघा_डॉ
शंभर टक्के. स्मृतिभ्रंश हळूहळू महिन्या-वर्षांत येतो. दोन-चार दिवसांत माणूस बरळायला लागलं तर सोडियम, लघवीचा संसर्ग, साखर आणि नवीन सुरू केलेली औषधं, हे लगेच बघायचं.

पिठलंभाकरी
साखरेवरून आठवलं. आमची आजी आषाढीला निर्जळी करते पण गोळ्या चुकवायच्या नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून साखरेची गोळी बरोब्बर घेतली. दुपारी दरदरून घाम, हात थरथर, शब्द जड. आम्हाला वाटलं भजनात दमली. शेजारच्या नर्सताईंनी बोटातून रक्त घेतलं तर साखर ४८! गिळता येत होतं म्हणून लगेच साखरपाणी पाजलं, वीस मिनिटांत आजी उठून बसली आणि पहिलं वाक्य, "उपास मोडला की गं माझा."

आता एकादशीच्या आदल्या दिवशी मी फोन करून डॉक्टरांना गोळीचं विचारते. आजीनंही तह केलाय, निर्जळी नाही, राजगिरा आणि दूध चालेल.

दुपारचाचहा
आजींना साष्टांग नमस्कार!

सुमेधा_के
एक गोष्ट बोलायची होती. इथे सगळे "मी आणावं का, मी ठेवावं का" लिहितात. वारणाकाठ, तुमच्या बायकोला विचारलंत का? आरोप अजिबात नाही. पण माझ्या घरी "मुलगा आईला बघतो" असं बारा वर्षं सगळे म्हणाले आणि रात्री दोनला उठून चादर बदलणारी मी होते. सासूबाईंवर माझं प्रेम होतं म्हणून केलं, परत करेन. पण माझी पाठ गेली ती गेलीच, आणि माझ्या स्वतःच्या आईकडे त्या बारा वर्षांत मी सलग चार दिवस राहिले नाही.

वारणाकाठ
सुमेधाताई, खरं सांगतो, नीट विचारलं नव्हतं. काल रात्री फोनवर विचारलं. ती म्हणाली, "येऊ देत की, पण तू ऑफिसमधून सातला घरी येणार असशील तर." बरोबर आहे तिचं.

अनघाताई, उद्या सकाळी बीपी तसं मोजतो. बाबा म्हणतात पाय घसरला. आई म्हणते ते नेहमीच असं म्हणतात.

कायदेकानू
विषयाला थोडं सोडून, पण अशा वेळी हमखास होतं म्हणून. कुणीतरी सुचवतं की आता घर मुलाच्या नावावर करून टाका. घाई करू नका. बक्षीसपत्र नोंदवलं की मालकी त्या दिवशी जाते. मृत्युपत्र करा, ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे त्यात स्पष्ट लिहा, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्या अटीवर उभं आहे. सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. त्या कायद्यात मुलगी आणि सज्ञान नातवंडंही येतात, जबाबदारी एकट्या मुलाची नाही.

वारणाकाठ, हे तुमच्यासाठी नाही, तुम्ही दांडी बघून खाली बसणारे आहात. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

निशिगंध
मुलगी येते म्हणालात ते बरं केलंत. मी एकुलती एक. आई माझ्याकडे यायला तीन वर्षं तयार नव्हती, मुलीच्या घरी कसं राहायचं म्हणून. शेवटी माझ्या नवऱ्यानंच समजावलं, "आई, घराचा निम्मा हप्ता हिच्या पगारातून जातो, निम्म्या घरात तुम्ही बिनधास्त राहा." तेव्हा कुठे हसली आणि आली.

आजोबा७४
सर्वांस नमस्कार. तीन दिवस हा धागा वाचतो आहे. मी स्वतः ७४ चा, पुण्यात एकटा राहतो, दोन्ही मुलं बाहेर. इथे सर्वांनी तळमळीने लिहिले आहे. फक्त एक नम्र सूचना, सर्वजण आमच्याविषयी बोलत आहात, आमच्याशी बोला.

पडलो हे आम्ही का सांगत नाही ते सांगतो. सांगितले की दुसऱ्या दिवशी घर बंद करायची भाषा सुरू होते, म्हणून आम्ही "पाय घसरला" म्हणतो. मला दोनदा अंधारी आली होती, मुलाला सांगितले नाही. तिसऱ्यांदा भाजी मंडईत बसलो तेव्हा भाजीवालीने पाणी दिले आणि माझ्याच मोबाइलवरून मुलाला फोन लावला. त्याने मला एक शब्द रागाने विचारला नाही, "बाबा, तुम्हाला काय हवंय" एवढेच म्हणाला. त्यानंतर मी त्याच्यापासून काही लपवलेले नाही.

आता उपायाचे. आमच्या सोसायटीत आम्ही अकरा जण एकटे-दुकटे आहोत. सकाळी आठपर्यंत प्रत्येकाने ग्रुपवर "राम राम" टाकायचा. फुले, सुविचार काही नको. आठ वाजून गेले आणि एखाद्याचा राम राम नाही, तर शेजारचे दोघे जाऊन बेल वाजवतात. किल्ली एकमेकांकडे असते. चार वर्षांत दोनदा दार उघडावे लागले. एकदा मित्र गाढ झोपला होता, फार चिडला. दुसऱ्यांदा एक बाई जमिनीवर होत्या, पक्षाघात, वेळेत पोहोचवल्या. आज काठी घेऊन चालतात आणि त्यांचा राम राम सर्वांत आधी येतो.

मिरजकर
आजोबा, दंडवत. हे आमच्या कॉलनीत या आठवड्यात चालू करतो.

दुपारचाचहा
७४ म्हणजे आजोबा, एसटीत अजून अर्धं तिकीट! ७५ पूर्ण झाले की अख्ख्या महाराष्ट्रात फुकट. आमचे आप्पा २०२२ च्या ऑगस्टात योजना सुरू झाली तेव्हा ७६ चे होते, पहिल्या महिन्यात पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर करून आले. आई म्हणाली, "लग्नाला पन्नास वर्षं झाली, एवढं कधी फिरवलं नाही यांनी."

आजोबा७४
पुढच्या मार्गशीर्षात पूर्ण होतात. यादी तयार आहे.

रोखठोक
आजोबा, तुमचं वाचून माझा सूर खाली आला. मी काकांच्या अनुभवातून बोललो, भीती होती त्यात. एकच विचारतो, फोनवरच्या फसवणुकीचं काय करता? आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना सहा तास व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवलं, तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, डिजिटल अरेस्ट केलीय, खोलीबाहेर पडायचं नाही. ठेव मोडायला बँकेत गेले तेव्हा कॅशियर मुलीला त्यांचा चेहरा बघून शंका आली, तिनं चहा मागवला आणि मॅनेजरला बोलावलं, म्हणून वाचले.

कायदेकानू
"डिजिटल अरेस्ट" असा काहीही प्रकार कायद्यात नाही. कुठलाही पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन, जितका लवकर तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. मी आईच्या फोनशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय. अॅम्ब्युलन्स १०८, पोलिस ११२, सायबर १९३०, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, ती सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. खाली माझा नंबर.

पिठलंभाकरी
७० च्या वरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान कार्डपण आहे, उत्पन्नाची अट नाही, २०२४ च्या ऑक्टोबरपासून. वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण नवरा-बायको दोघं सत्तरच्या वर असतील तर दोघांत मिळून पाच. आधारवर होतं. आधीच काढून ठेवा आणि जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते बघून ठेवा, रात्री दोनला शोधायची वेळ येऊ नये.

वारणाकाठ
मंडळी, रविवारी निघालो नाही, आठवडाभर इथूनच काम केलं. सगळ्यांना सांगणं लागतो म्हणून लिहितो.

अनघाताई, आडवं असताना वरचं बीपी १४८, उभं राहिल्यावर एका मिनिटात ११६. बाबा भिंतीला हात लावून म्हणाले, "हां, हे असंच होतं." म्हणजे बरेच दिवस होत होतं. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडं गेलो, नऊ निघाल्या. झोपेची एक गोळी कुणी कधी चालू केली ते कुणालाच आठवेना. दोन गोळ्या बदलल्या, एकीची वेळ बदलली, झोपेची हळूहळू कमी करत बंद करायची आहे. पंधरा दिवसांनी परत दाखवायचं.

दार बाहेर उघडतं आता. उंबरा फोडून उतार केला. कमोडच्या दोन्ही बाजूंना आणि नळाजवळ दांड्या बसवल्या. टॉवेलच्या नाहीत, माणूस धरायच्या, भिंतीच्या विटेत बोल्ट घेऊन. गवंडी गेल्यावर मी स्वतः प्रत्येक दांडीला लोंबकळून बघितलं, माझं वजन ८४ किलो. आई दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "पुरे रे, नवी भिंत पडंल."

मग आजोबांचं ऐकून रात्री जेवणानंतर बाबांना विचारलं, तुम्हाला काय हवंय. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला घाटावर सकाळी जाता आलं पाहिजे. आणि तुझ्या आईला एकटीला माझं ओझं नको." आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला पाण्याची भीती वाटते." २०१९ ला घरात पाणी आलेलं तेव्हा दोघं चार दिवस शाळेत होते. दरवर्षी पावसाळ्यात बाबा आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघत बसतात, ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका, आणि आई रात्र-रात्र जागी असते हे मला आत्ता कळलं. मी सहा दिवस बाथरूमचं बोलत होतो, तिच्या मनात नदी होती.

तर ठरलं असं. आषाढाच्या सुरुवातीला दोघं बंगळूरला येणार, गणपतीला परत सांगलीला. तेवढे दोन-अडीच महिने मी सातला घरी असणार, हे बायकोला कबूल केलंय. बाकीचे दिवस सकाळी दोन तास एक मावशी यायच्या आहेत, शेजारच्यांच्या ओळखीतल्या. बहीण दर गुरुवारी येते. आणि गल्लीतल्या सात घरांचा राम राम ग्रुप चालू झाला, मिरजकर स्वतः येऊन सगळ्यांना फोनवर शिकवून गेले. बाबांचा पहिला राम राम पहाटे ५:१० ला आला.

रोखठोक
खूप बरं वाटलं वाचून. मनापासून.

सुमेधा_के
सातला घरी म्हणजे सातलाच हं.

वारणाकाठ
सातलाच, ताई.

अनघा_डॉ
१४८ वरून ११६, म्हणजे पडले नसते तरच नवल. पंधरा दिवसांनी तसंच आडवं-उभं मोजून आकडे लिहून न्या. हाताचं प्लास्टर निघालं की फिजिओथेरपी नक्की, मनगटासाठी आणि तोल सांभाळण्याच्या व्यायामासाठीही. आणि दोघांनाही फ्लू व न्यूमोनियाची लस दिलीय का ते विचारा.

निशिगंध
वारणाकाठ, त्या दांड्या किती उंचीवर बसवल्या? आईसाठी या शनिवारी गवंडी येतोय.

वारणाकाठ
ठरलेलं माप नका घेऊ. बाबांना कमोडवर बसवलं, हात नैसर्गिकपणे जिथं जातो तिथं खडूनं खूण केली, मग उठताना जिथं जातो तिथं दुसरी. दोन्हींत चार बोटांचा फरक निघाला, म्हणून तिथली दांडी आडवी न बसवता तिरकी बसवली. गवंडी यायच्या आधी आईकडून खुणा करून घ्या. ओल्या हातानं पण धरून बघायला सांगा, गुळगुळीत स्टील सटकतं, आम्ही खरबरीत पट्टीची घेतली.